मारोतीचा एकच डायलॉग

माणूस गेला की त्याचे दहा-बारा किस्से मागे राहतात. त्याच्यावर पिक्चर निघणार म्हटलं की त्यांचे शंभर होतात! आमच्या विलासचं तसंच झालं. एकोणतिसाव्या वर्षी कावीळ होऊन तो गेला, त्याला आता पंधरा वर्षं झाली. अजूनही इकडे त्याच्या गाण्यांशिवाय जयंतीची मिरवणूक हलत नाही. यंदा पुण्याहून दिग्दर्शक आले आणि अख्ख्या अनसिंग गावाला सगळं आठवायला लागलं.

आमच्या गायन पार्टीत विलास गायचा, मारोती ढोलक वाजवायचा, मी, किसन, बेंजो. पोटापाण्याला मी शिवणकाम करतो. शिक्षण सातवी. पण मापाच्या वहीत गिऱ्हाइकाच्या मापाखाली त्या दिवशी काय घडलं ते लिहायची सवय लागली, ती सुटली नाही. तेवढ्यावर दिग्दर्शक सरांनी मला 'रिसर्च'मध्ये घेतलं.

* * *

सरांचा पहिला प्रश्न, "विलासजींचा स्ट्रगल सांगा."

मी विचार करत होतो. मारोती म्हणाला, "सर, एस्टीत ढोलक घेऊन चढलं का कंडक्टर ढोलकीचंही तिकीट मांगे. वाशीम, मालेगाव, सगळीकडं आमी तिघं अन् ढोलक, चार शिटा! याच्याहून मोठा स्ट्रगल कोनता पायजे तुमाले?"

सरांनी लिहून घेतलं. मारोतीला वाटलं, आपला रोल पक्का.

* * *

शेजारच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. विलास पहिल्यांदा त्यांच्या लग्नात गायला, हे पिक्चरमध्ये हवंच! मी वही काढली. "ताई, तुमच्या लग्नात विलास नव्हता. बँड होता. बँडमास्तरचा कोट मीच शिवला होता."

"मंग आता टाका ना लिवून! वही तुमचीच हाय, पेन तुमचाच हाय!"

सगळे हसले. मी नाही हसलो. वहीत टाकता येतं, तर वहीतून काढताही येतं, हे माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. आणि मग जाईना.

* * *

विलासचं काम करणारा हिरो आला. कुडत्याचं माप घेतलं तर छाती चव्वेचाळीस! विलास अडतीसचा.

गाताना डावा हात कानावर ठेवायचा, ही विलासची लकब त्यानं व्हिडिओ पाहून घोटून आणली होती. डोळे मिटून, मान कलती करून दाखवली आणि म्हणाला, "यात एक साधना आहे."

"साधना नोय भाऊ," मारोती म्हणाला, "कान वाहे त्याचा! कापसाचा बोळा पडू नाही म्हणून दाबून धरे!"

* * *

विलासच्या आईला आम्ही सगळे माय म्हणतो. सरांनी तिला जपून विचारलं, "माय, विलासजींच्या आयुष्यात कुणी मुलगी होती का? म्हणजे पिक्चरमध्ये हिरोईन लागते."

माय म्हणाली, "त्याचं लगन पाहाचं माह्या नशिबात नोयतं बाप्पा. तुमी लावून देता तं द्या. पन पोरगी चांगल्या घरची पाहा!"

* * *

आता माझं सांगतो. सरांनी सगळ्या वह्या मागितल्या. मी अकरा दिल्या. बारावी कपाटातच ठेवली.

"शेवटच्या महिन्याची?"

"उंदरांनी खाल्ली, सर."

बाराव्या वहीत एक पान आहे. वर विलासचं माप : छाती चौतीस, अडतीसवरून उतरलेली. खाली मीच लिहिलेलं, 'विलासचे डोळे पिवळे. म्हणाला, परवाचं मालेगाव रद्द करू. मी म्हणालो, एका कार्यक्रमानं काही होत नाही.'

तो मालेगावला गायला. तिथून आला तो अंथरुणावरच पडला आणि उठला नाही.

दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला, वंदना झाली की माय मला ती वही वाचायला लावते. मी वाचतो. त्या पानापाशी आलो की दोन पानं एकदम उलटतो. पंधरा वर्षं.

* * *

पण सरांना मालेगावचा सीन हवाच होता. "आजारी माणूस आपणहून मालेगावला जाणार नाही. कुणीतरी 'चल' म्हटलं असणार. कोण?"

मी सुईत दोरा ओवत होतो. तो काही केल्या ओवला जाईना.

तोवर मारोतीचा रोल कापून कापून नुसत्या वाजवण्यापुरता उरला होता. तो म्हणाला, "मीच म्हटलं असीन, सर. मले लय बोलाची सवय हाये!"

सरांनी लगेच डायलॉग लिहिला, "एका कार्यक्रमानं काय होते बे?"

मारोती हरखला. चहाच्या टपरीवर, एस्टी स्टँडवर, माझ्या दुकानात शिलाई मशीनवर ठेका धरून, "एका कार्यक्रमानं काय होते बे?" एका दिवसात मी ते सात वेळा ऐकलं. शेवटी म्हणालो, "मारोती, नको घेऊस तो डायलॉग. लोक तुला दोष देतील."

"देऊ दे ना! पिच्चरमधी तं दिसीन!"

* * *

आणि परवाचा किस्सा. सरांनी स्क्रिप्ट वाचायला मुद्दाम स्मृतिदिन निवडला. मायचं अंगण, समोर सर, बाजूला मारोती. माझ्या पिशवीत बारावी वही. सगळे गेल्यावर वाचायची म्हणून आणलेली.

तो सीन आला. मारोती उभा राहिला, खाकरला, आणि झोकात म्हणाला, "एका कार्यक्रमानं काय होते बे?"

माय म्हणाली, "थो डायलॉग याचा नोय."

सर थांबले. मारोती काकुळतीला आला, "माय, राहू दे ना व! मले एकच हाये!"

"त्या दिवशी मी चुलीपाशीच होती. चहा कोनं देल्ला होता तुमाले? हे किसननं म्हटलं होतं." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहीत बी हाय."

सर म्हणाले, "ती वही तर उंदरांनी..."

"कायचे उंदीर! दरसाली वाचते ना मले. एका जागी आला का दोन पानं संगट पलटवते. मले वाचता नाही येत, बाप्पा. ऐकू तं येते!"

मायनं हात पुढे केला. मी पिशवीतून वही काढून दिली.

पंधरा वर्षं एकत्र उलटून ती दोन पानं कडेला चिकटली होती. मायनं बोट जिभेला लावलं, हळूच पानं सुटी केली, वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पानावर बोट टेकवलं.

"हं. इथून."