ऊन वर्ज्य

व्हॅम्पायरचे सिनेमे बघायचं खूळ माझं, आईचं नव्हे. बोईसरच्या कंपनीत आठवडाभर पॅकिंगला उभं राहायचं आणि सुट्टीला मोबाइलवर तेच लावून लोळायचं. हल्लीचे व्हॅम्पायर फार देखणे असतात. सुळे अगदी शेवटी दिसतात. तोवर काळा कोट, उदास डोळे आणि काचेचा बंगला. रक्त पितात तेही माफी मागितल्यासारखं.

आई आमच्या मुरबे गावात जन्मभर बोंबील सुकवत आली. किनाऱ्यावर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, रांगाच्या रांगा. गेल्या वर्षी तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले. पालघरच्या डॉक्टरांनी ल्युपस सांगितला. किडन्यांवर परिणाम झालाच होता, उन्हाने आजार आणखी भडकेल, म्हणून ऊन कायमचं वर्ज्य.

मी खिडक्यांना जाड पडदे लावले आणि तिच्या करमणुकीसाठी, अक्कल बघा माझी, तिला माझेच सिनेमे दाखवू लागले.

"उनात जात नाय, मासली इकत नाय," ती म्हणाली, "मग ह्याचं पोट कोन भरते?"

मी हसले. मग एक लक्षात आलं आणि हसू गेलं. दिवसभर काळोखात बसायचं कसं, ते हे सिनेमे दाखवतच नाहीत. उजाडलं की शवपेटीचं झाकण बंद, पुढच्या दृश्यात थेट संध्याकाळ. आमच्या घरात मात्र तेवढाच वगळलेला भाग चालू होता. सकाळी दहापासून आई विचारायची, ऊन उतरलं का.

एका सिनेमात जगण्याला कंटाळलेला व्हॅम्पायर आपणहून उन्हात चालत गेला. मागे व्हायोलिन, दोन मिनिटांत राख.

"लगेच सुटला," आई म्हणाली. "नशीबवान."

मी मोबाइल बंद केला. "औषधानं पूर्ण बरी होशील तू," मी म्हटलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं असावं, कारण तिने मान फिरवली.

पुढच्या सुट्टीला मी दुपारी बाजारातून आले तर घर रिकामं. आई किनाऱ्यावर, डोक्यावर पदरही नाही, पाटीतले बोंबील टांगत उभी. मी ओरडतच गेले. तिचा, डॉक्टरांचा, त्या उन्हाचा, सगळ्यांचा राग आला होता मला.

"दोनच दोऱ्या भरते बाय, मग ने घरात," ती म्हणाली. "आत बसून मी मरतेच हाय."

तिला ओढत न्यायला हवं होतं. पण तिची बोटं भराभर चालत होती, सकाळी ज्या बोटांनी कपही धरवत नव्हता ती. गाल माझ्या डोळ्यांदेखत लाल होत होते. दोन दोऱ्या भरल्या, पाटी रिकामी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं.

दुसरी पाटी मीच उचलून आणून दिली.