तांबड्या झुलीखालची पिवळी

वर्षाराणी रोज सकाळी चार म्हशींच्या धारा काढते, दूध डेअरीला घालते, रविवारी न चुकता जोतिबाच्या फोटोला हार घालते आणि वर्षातनं एकदा हेल्मेट चढवून कळंब्याच्या पुढच्या माळावर चार चाकांची मोटारसायकल उडवते. यातलं शेवटचं सोडलं तर उचगावातल्या कुठल्याही सुनेसारखीच सून. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळं फारच राग आला की तोंडातनं दोन शब्द कानडी सुटतात. ते कुणाला कळत नाहीत, आणि तिलाही ते बरंच पडतं.

या गाडीचा नाद तिला सासऱ्यांमुळं लागला. सासरे म्हणजे हंबीरराव, घरातले आबा. तरुणपणी बैलगाडीच्या शर्यती गाजवलेला माणूस. म्हातारपणी बैल गेले, पण नजर गेली नाही. सात वर्षांमागं उसाच्या चिखलातनं वैरण बाहेर काढायला म्हणून त्यांनी एक एटीव्ही आणली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हॅण्डल, पुढं-मागं लोखंडी जाळी. कंपनीचं नाव परदेशी, ते घरात कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला 'तांबडी' म्हणायला लागले. हंबीररावांनी तिला हळदी-कुंकू लावलं, दसऱ्याला झेंडूची माळ घातली आणि चालवायला दिली सुनेकडं, कारण पोरगा विश्वजित फौंड्रीतनं घरी यायचा तो झोपायलाच.

वर्षाराणी वैरण आणता आणता अशी काही वळणं घ्यायला लागली की बांधावरची माणसं विळा थांबवून बघायची. मग माळावर अशा गाड्यांच्या शर्यती भरतात आणि त्यात बायकांचीही एक असते, असं कळलं. हंबीररावांनी परस्पर नाव घालून टाकलं. पहिल्याच वर्षी दुसरा नंबर आला. दुसऱ्या वर्षी दुसरा. तिसऱ्या वर्षीही दुसराच.

पहिला नंबर दरसाल समोरच्या गल्लीत जायचा, अनुजाकडं. अनुजा ही भाऊसोंची सून. भाऊसो आणि हंबीरराव एका शाळेतले, एका तालमीतले, आणि लहानपणापासनं एकमेकांशी सगळं मोजत आलेले. आधी जोर-बैठका मोजल्या, मग बैल, मग उसाचा उतारा, आता सुना. अनुजाची गाडी दुसऱ्या कंपनीची, पिवळी. ती मुळात शर्यतीसाठीच केलेली. अंगानं हलकी, बुटकी, चाकं लांब लांब टाकलेली. तांबडी मुळात कामाची. सरळ वाटेला वाऱ्यासारखी पळायची, पण वळण आलं की आतलं चाक उचलायची आणि शर्यतीच्या वाटेत मातीच्या उंचवट्यांच्या लाटा केलेल्या असायच्या, त्यांवर तर वर बसलेल्याला भाकरीसारखी थापायची.

चौथ्या वर्षी वळणावर तिनं चाक उचललं ते खाली ठेवलंच नाही. वर्षाराणी गाडीसकट आडवी झाली. खांद्याचं हाड सरकलं, हात दीड महिना झोळीत. त्या दीड महिन्यात तिच्या म्हशींच्या धारा काढायला रोज सकाळी कोण यायचं, तर अनुजा.

"वर्षाताई, तुमचा हात वाईट न्हाय, गाडी वाईट हाय," अनुजा म्हशीच्या पोटाला डोकं टेकून सांगायची. "तुमच्या गाडीवर मी बसलो तर पयल्याच वळणाला वड्यात जाईन. कंपनी बदला की."

"आबास्नी कोण सांगणार?"

"ते बी खरं," म्हणून अनुजा पुन्हा आचळाला लागायची.

आबांना सांगायची वेळच आली नाही. त्याआधीच एक दिवस डेअरीच्या रांगेत, दहा माणसांसमोर, भाऊसोंनी किटली खाली ठेवून विषय काढला.

"हंबीरराव, सुनंचा हात मोडून घेतला, आता तरी कंपनी बदला. आमची पिवळी बगा, कशी जिमिनीला चिकटून पळती."

हंबीरराव दुधाचं माप बघत होते. ते वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "भाऊसो, कान उघडे ठेवून ऐक. जोतिबाची आण हाय मला, पिवळी माझ्या दारातनं आत येणार न्हाय!"

झालं. रांगेतल्या दहा तोंडांनी ते दुपारपर्यंत गावभर नेलं. हंबीरराव आण घेतात ती पाळण्यासाठी. एकदा पैजेपायी भात खाणार नाही अशी आण घेतली म्हणून त्यांनी दोन वर्षं भाताचं शीत तोंडात घातलं नव्हतं.

वर्षाराणीनं चार दिवस विचार केला. पहिला नंबर तर पाहिजेच होता. एकदाच, पण पाहिजेच. आबांची आण मोडायची नव्हती. आणि पुन्हा खांदाही मोडायचा नव्हता. पाचव्या दिवशी भिशी लागली आणि ती तडक जोतीराम मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली.

"मिस्त्री, एक जुनी पिवळी बगून द्या. घरात न्यायची न्हाय, हितंच ठेवायची. आमची तांबडी बी दुरुस्तीला म्हणून हितंच ऱ्हाईल; तिचं वरचं सगळं प्लास्टिक काढून पिवळीच्या अंगावर बशीवायचं."

जोतीरामनं हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, म्हशीची झूल घोडीला घालाय सांगताय."

"मग? घोडी न्हाय म्हणती काय?"

"घोडी न्हाय म्हणत न्हाय, पण झूल म्हणती. एक बी नट जुळणार न्हाय. कापाय लागंल, पट्ट्या माराय लागतील." मग दाढी खाजवून म्हणाला, "आणि हंबीरआबांनी मला धरलं तर?"

"तुमी म्हणायचं, वहिनींनी शॉकप बदलून घेतलं. ते काय खोटं न्हाय. शॉकप बदललंच की. फकस्त त्याच्याबरोबर बाकीची गाडी बी बदलली."

शर्यतीत कुठल्याही कंपनीची गाडी चालते, रंगाची अट नाही, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. फसवणूक असली तर ती घरातली. देवासमोर मात्र ती घाईघाईनं हात जोडायची. 'देवा, आबांची आण मी मोडू देत न्हाय, तू मला पाडू नकोस,' एवढंच म्हणून ती डोळे उघडायची आणि फोटोकडं फार वेळ बघायची नाही.

महिनाभर सराव झाला. पिवळीला क्लच होता, गिअर पायानं टाकायचा होता; तांबडीला यातलं काहीच नव्हतं. पहिले आठ दिवस गाडी पुढं जायच्या ऐवजी आचके देऊन बंद पडायची आणि वर्षाराणीचं कानडी सगळ्या माळाला ऐकू जायचं. मग एक दिवस वळणावर तिनं अंग आत टाकलं, चारही चाकं मातीला धरून राहिली, आणि गाडी वळणातनं अशी बाहेर पडली की हेल्मेटच्या आत तिला एकटीलाच हसू फुटलं. एवढी वर्षं ती भाकरी बिघडते म्हणून आपल्याच हाताला बोल लावत होती आणि वाकडा होता तो तवा.

शर्यतीच्या दिवशी हंबीरराव फेटा बांधून माळावर आले. गाडीजवळ जाऊन त्यांनी तांबड्या प्लास्टिकवर हात फिरवला, खाली वाकून चाकांकडं बघितलं, आणि फेटा सारखा करत बाजूला उभे राहिले. जोतीराम तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून जो गेला तो शर्यत संपेपर्यंत आला नाही.

सात फेऱ्या होत्या. पाचव्या फेरीपर्यंत अनुजा पुढं. सहाव्या फेरीत पुन्हा त्या मातीच्या लाटा आल्या. दरवर्षी तिथं वर्षाराणी गाडी सावरण्यात मागं पडायची. या वेळी गाडी लाटांवरनं घोरपडीसारखी सरपटत गेली. त्याच्या पुढच्या वळणाला, जिथं खांदा सरकला होता तिथंच, ती आतल्या बाजूनं घुसली आणि अनुजाच्या शेजारनं निघाली. अनुजानं क्षणभर मान वळवून गाडीच्या खालच्या अंगाकडं बघितलं आणि तिचे डोळे काचेमागं मोठे झाले. शेवटची फेरी दोघींनी जीव खाऊन मारली. वर्षाराणी एका चाकानं पुढं.

मग काय विचारता! गुलाल, हलगी, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'. पोरांनी ठरवलं, गाडी टेम्पोत घालायची नाही. उचगावच्या वेशीपासनं वहिनींनीच चालवत घरी न्यायची. वर्षाराणी नको नको म्हणत होती, पण हलगीपुढं कोण ऐकतं? गल्लीत शिरताना तिनं गाडी हळू केली. पुढं घराचं दार होतं. दारात सासूबाई, म्हणजे आक्का, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. शेजारी हंबीरराव. आणि आण तर या दारावरच घेतलेली.

आणखी दोन पावलं गेली असती तर आबांनी न कळता देवाची आण मोडली असती. तिनं दारापासनं दोन हातांवर गाडी बंद केली. हलगी थांबली. ती उतरली आणि सासऱ्यांजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, गाडी आत न्यू नका. माझी चुकी झाली. ही…"

"पिवळी हाय," हंबीरराव तसंच खालच्या आवाजात म्हणाले. "म्हाईत हाय मला. गप हुबी ऱ्हा."

"कवापासनं?"

"पंधरा दिस झालं. माळावर गेलतो. चाकाच्या खुणा बघितल्या, आपल्या तांबडीपरास वीतभर रुंद. उभ्या जन्मात बैलांच्या खुरावरनं बैल वळखलं मी, चाकावरनं गाडी वळखाय येणार न्हाय व्हय?" मग ते लोकांकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "हितंच ववाळ गं! आज गाडीला लई नजर लागलीय, आत घ्यायची न्हाय!"

आक्कांनी तिथंच ओवाळलं. सगळं मिटलं असतं. पण तेवढ्यात गर्दीतनं भाऊसो पुढं आले, मागं अनुजा. भाऊसोंनी सगळ्यांसमोर हंबीररावांचा हात धरला.

"मानलं, हंबीरराव! मी चुकलो. तांबडी ती तांबडी. उद्याच्याला पिवळी इकतो आणि अनुजाला तांबडीच घेतो."

हंबीररावांच्या मिशा थरथरल्या. सत्तर वर्षांत पहिल्यांदा भाऊसो 'मी चुकलो' म्हणाले होते. "घे की," ते म्हणाले, आणि आवाजात एवढा गोडवा आणला की आक्कासुद्धा दचकल्या. "लई गुणाची गाडी हाय. मी सोता येतो बघाय."

भाऊसोंच्या पाठीमागं अनुजा दोन्ही हात जोडून वर्षाराणीकडं बघत होती. सासऱ्यापुढं बोलायची सोयच नव्हती, पण मान अशी हलवत होती की वाचवा, ताई. वर्षाराणीला आपला खांदा आठवला. मग म्हशीच्या पोटाला टेकलेलं अनुजाचं डोकं आठवलं. आबांकडं बघितलं, तर आबा डोळ्यांनी सांगत होते, गप.

"भाऊसोकाका," वर्षाराणी म्हणाली, "तांबडी घेऊ नका. ही पिवळीच हाय. वरनं नुसतं तांबडं घातलंय."

कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी द्यायला लागला तो साऱ्या गल्लीला ऐकू गेला.

भाऊसो वाकले. तांबड्या प्लास्टिकखाली बोट घालून बघितलं. उठले ते दोन्ही हात वर करून. "पिवळी! आरं, माझी पिवळी जिकली! वाजव रं हलगी!"

"तुझी कसली? गाडीवर सून माझी हुती!"

"कंपनी माझी हुती!"

"कंपनी काय तुझ्या बाची हाय व्हय रं?"

हलगीवाला बिचारा कुणाच्या बाजूनं वाजवावं ते न कळून मधेच एक टिपरी मारत राहिला. भाऊसोंनी मूठभर गुलाल घेतला आणि आधी वर्षाराणीच्या कपाळाला लावला, मग अनुजाच्या, आणि उरलेला सगळा हंबीररावांच्या फेट्यावर उधळला. अनुजा वर्षाराणीच्या कानाशी येऊन म्हणाली, "वर्षाताई, वाचीवलंसा. पण पुढच्या साली सोडणार न्हाय."

हंबीरराव सुनेशी दोन दिवस बोलले नाहीत. गाडी दाराबाहेर ताडपत्रीखाली उभी. भाऊसो जाता-येता तिच्यावर मायेनं हात फिरवायचे आणि हंबीरराव ओसरीवरनं ते बघायचे. वर्षाराणी जोतिबाच्या फोटोकडं आता पुन्हा सरळ बघत होती, पण सासऱ्याचं न बोलणं तिला भाकरीत खडा लागावा तसं लागत होतं. सगळ्या गावासमोर तिनं त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला होता, हे तिलाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धार काढून उठली तर गोठ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कुणीतरी घण घालत होतं. गवंडी होता. शेजारी हंबीरराव काठीनं विटांवर रेघ ओढून दाखवत होते.

"आबा, चांगली भित्त का पाडताय?"

ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "पिवळी माझ्या दारातनं आत येणार न्हाय, अशी आण हाय. भित्तीतनं येणार न्हाय असं कुठं म्हटलंय मी?"

वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला. "आणि देवाला चालंल ते?"

"न चालाय काय झालं? भिजाय लागलीया गाडी." मग गवंड्याला म्हणाले, "आणि वीतभर रुंद घे रं." थोड्या वेळानं त्यांनी खाकरून घसा साफ केला. "पाचव्या फेरीला वळणावर ब्रेक दाबलास. कशाला दाबलास? घाबरलीस व्हय?"

"व्हय."

"उद्यापासनं सकाळी मी येतो माळावर," हंबीरराव म्हणाले आणि घणाच्या आड येणारी वैरण पायानं बाजूला सारायला लागले.