पूजा झालेला ट्रॅक्टर

ह्यांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचा नंबर लागल्याचं कार्ड घरी आलं. कार्डावर नाव ह्यांचंच होतं. साठ सालानंतरची गोष्ट आहे. तेव्हा ट्रॅक्टर म्हणजे दुकानात गेलो आणि घेऊन आलो, अशी वस्तू नव्हती. नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. नंबराची वाट बघता बघता माणूस म्हातारा व्हायचा. हे तर म्हातारेही झाले नाहीत. पोटात दुखायला लागलं, इस्पितळात नेलं आणि संपलं. त्याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आमचं घर चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. कितीतरी पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर आलेले आणि इथेच राहिलेले आम्ही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि खरं सांगायचं तर घरातल्या मराठीतही निम्मं कन्नडच. पुरुष सगळे कचेरीतले. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, सरकारी नोकरीतून पेन्शनीत निघालेले. थोरले दीर एका कारखान्याच्या हापिसात. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि माझ्या जावेला अक्का. शेती करायची अवदसा आठवली ती फक्त ह्यांना. सर्जापूरच्या रस्त्याला चार एकर जमीन घराण्याची होती, ती ह्यांनी अंगावर घेतली. लग्न झाल्यावर मी तिथेच राहायला गेले. अर्ध्या जमिनीत नाचणी आणि अर्ध्यात द्राक्षं. इथली ती निळी, जाड सालीची, बी असलेली. दगडी खांब उभे करून, वर तारा ओढून, ह्यांनी मांडव घातला होता. माणूस हात वर करून घड तोडू शकेल एवढाच उंच. त्या मांडवाखालीच मी छाटणी शिकले, वेल तारेवर चढवायला शिकले, औषध मारायला शिकले. स्वयंपाक मला आजही बेताचाच येतो.

हे गेल्यावर बैलजोडी विकली गेली आणि मला चिकपेटेत आणून ठेवलं. ठेवलं, असंच म्हणते मी. शेत बघायला एक गडी होता, तो जमेल तेवढं करायचा.

त्या वर्षात मला काही वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, किती धीराची आहे बघा. धीर कसला डोंबलाचा. वाढलं की जेवायची, आंघोळ झाली की ओलं लुगडं वाळत घालायची, कुणी काही विचारलं की ‘सरी’ म्हणायची, म्हणजे कन्नडमधलं ‘बरं’. तांदूळ निवडते का, सरी. देवळात येतेस का, सरी. आता इथेच राहा बरं का, सरी. त्या एका शब्दावर मी वर्ष काढलं.

घरचे वाईट होते असं कुणी समजू नये. मामंजींनी माझे केस काढू दिले नाहीत, बांगड्याही अक्काने परत हातात घातल्या. “आपण त्या जुन्या चालीचे नाही,” असं मामंजी आल्यागेल्याला सांगायचे, आणि मी तिथे बसलेली असले तर जरा मोठ्याने सांगायचे. मला ते बरं वाटायचं. त्या वर्षात काही बरं वाटलं असेल तर तेवढंच.

तर कार्ड आलं. एजंट म्हणाला, दोन प्रकार आहेत, दोन्हींपैकी कुठलाही घ्या. एक लाल, बुटका, कमी ताकदीचा. दुसरा निळा, थोराड, त्याचं धुराडं वर आकाशाकडे उभं. ह्यांना पहिल्यापासून लाल हवा होता. कारण उघड होतं, लाल मांडवाखालून जातो. निळ्याचं धुराडं तारांत अडकणार. निळा घ्यायचा तर मांडव काढावा लागणार, खांब उपटावे लागणार आणि सगळ्या जमिनीत नाचणी करावी लागणार.

अण्णांना निळा हवा होता. माझ्याशी ते थेट कधी बोलत नसत, धाकट्या भावाची बायको ना मी. ते अक्काकडे बघून बोलायचे आणि मी ऐकायचं. “मोठा घेतला तर आजूबाजूच्यांची नांगरट भाड्याने करता येईल,” ते अक्काला म्हणाले. “द्राक्षाला रोज माणूस लागतो. तो कोण बघणार? तिने एकटीने तिथे राहायचं म्हणजे काय? इथे तुला तिची मदत होते.” अक्का माझ्याकडे बघून हसली. मायेने हसली. माझा उरलेला जन्म मला तिथे त्या हसण्यात दिसला. चिकपेटेचं स्वयंपाकघर, तांदूळ, वाळत घातलेलं लुगडं. लाल आला तर मांडव राहणार, मांडव राहिला तर त्याची माहिती असलेलं माणूस तिथे लागणार, आणि ते माणूस म्हणजे मी. निळा आला तर मी इथेच. हे सगळ्यांना कळत होतं, फक्त कुणी उच्चारत नव्हतं.

मामंजी बाहेर एजंटाला म्हणाले, “दोन्ही शेतावर आणू दे. चालवून बघू, मग ठरवू.”

आता आमच्या घराची एक चाल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चाक असलेली कुठलीही वस्तू दारात आली की आधी तिची पूजा. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबं, नारळ. आणि एकदा पूजा झाली की ती वस्तू घरची झाली, मग ती परत करायची नाही. एकदा शिवणयंत्र आणलं होतं. पूजा झाल्यावर कळलं की त्याचं चाक वाकडं आहे. दुकानदार आपण होऊन बदलून देत होता, पण मामंजी ऐकतील तर शपथ. दुसरं नवीन घेतलं. वाकडं तसंच माडीवर पडून होतं, त्यालाही दसऱ्याला हार.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे शेतावर गेलो. वर्षानंतर मी तिथे पाय ठेवत होते. वाटलं होतं, आता तरी काही होईल आपल्याला. काही झालं नाही. मांडव बघितला, वेली वाढून खाली लोंबत होत्या, छाटणी राहिली होती. गड्याला दोन शब्द सुनावले आणि आत जाऊन चूल पेटवली.

मामंजी, अण्णा आणि एजंट वरच्या बांधाकडे जमीन बघायला गेले. तेवढ्यात निळा आला. काय तो आवाज, भिंतीवरची भांडी हलायला लागली. अक्का ताट घेऊन तयारच होती. आज फक्त बघायचं आहे, घ्यायचं अजून ठरलेलं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांना सांगायची पद्धत नव्हती. ट्रॅक्टर येणार म्हटल्यावर तिने घरून निघतानाच लिंबं, नारळ, मोगऱ्याचा हार, सगळं पिशवीत भरलं होतं. मला म्हणाली, “तू स्वल्प आत थांब हं, पूजा होईस्तोवर.” किती हळू म्हणाली. मी सरी म्हटलं आणि आत उभी राहिले.

खिडकीतून दिसत होतं. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, ड्रायव्हरला खुणेने पुढे घ्यायला सांगितलं. लिंबं फुटली. नारळ फोडला. ड्रायव्हरलाही वाटलं असेल, विकला गेला आपला माल. त्याने हात जोडून प्रसाद घेतला.

मामंजी आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, हे काय करून बसलीस? अजून लाल यायचाय.”

“मला काय माहीत,” अक्का रडवेली झाली. “मला कुणी बोललंय का?”

अण्णांनी तोंड फिरवलं. पण त्यांचा चेहरा उजळला होता, तो लपत नव्हता. मग लालही आला, फाटकापाशी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पानं वाढली. जेवताना मामंजी म्हणाले, “देवीच्या मनात हाच असेल. आता हा परत कसा पाठवणार?” अण्णा अक्काला म्हणाले, “दगडी खांबांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. ह्याच ट्रॅक्टरला साखळी बांधली की खांब उपटून निघतील.” त्यांनी भातावर सार घेतलं. मामंजींनी मान हलवली. मी पाठ वळवून पोळ्या करत होते. मला वाढायला सांगून अक्का म्हणाली, “एवढं काय त्यात, द्राक्षं काय बाजारात मिळतात.”

आणि मला राग आला. वर्षभरात मला पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते रडू नव्हतं, राग होता. पायापासून वर चढला. तवा उतरवला, हाताला लागलेलं पीठ धुतलं, पदर खोचला आणि बाहेर गेले. निळ्याच्या पायरीवर पाय दिला आणि वर चढून सीटवर बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले. हाराचा मोगरा समोर होता, कुंकू अजून ओलं होतं.

मला पुरतं ठाऊक होतं मी काय करतेय. नवीन वस्तूवर विधवेचा हात आधी पडला की ती वस्तू लाभत नाही, हे त्या घरात कुणी मोठ्याने म्हणायचं नाही. म्हणायची गरजच नव्हती. मला आत उभं केलं होतं ते कशासाठी?

जेवणं अर्धी टाकून सगळे बाहेर आले. ड्रायव्हर बिडी ओढत झाडाखाली बसला होता, तो गंमत बघायला उठला. कुणी काही बोलेना. मी समोर बघत बसून राहिले. सीट तापली होती, चटका बसत होता, तरी हलले नाही. लिंबांची साल चिखलात चिकटून पडली होती. मी बराच वेळ बसले.

शेवटी अण्णा म्हणाले, “उतर.” माझ्याशी थेट बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

मी उतरले नाही. मामंजींकडे बघितलं. त्यांनी डोळे खाली घातले. मग अक्का पुढे आली आणि तिने बॉनेटवरचा हार काढून घेतला, माझ्याकडे न बघता. मामंजी एजंटाला कन्नडमध्ये म्हणाले, “हा आम्हाला नको. घेऊन जा.” एजंट चक्रावला. “काय झालं साहेब? मशीनमध्ये काही दोष आहे का?” मामंजी म्हणाले, “मशीन चांगलं आहे.” पुढे त्यांना काही सांगता येईना. ते नुसते धोतराचा सोगा चाचपत उभे राहिले. कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, चार भाषा बोलणारा.

तेव्हा मी उतरले.

निळा गेला. जाताना कुंकू पुसायचंही कुणाला सुचलं नाही, ते स्वस्तिक घेऊन तो सर्जापूरच्या रस्त्याला लागला. मग अक्काने लालची पूजा केली. हार तोच, लिंबं मात्र गड्याकडून नवी आणवली. “तू आत थांब,” ह्या वेळी ‘स्वल्प’ही नाही आणि ‘हं’ही नाही. मी आत थांबले. मला हवं ते मिळालं होतं. मांडव राहिला, पुढे कितीतरी वर्षं मी तिथे राहिले, द्राक्षं केली, लाल स्वतः चालवला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पूजा झाल्यावर ड्रायव्हरने लाल मांडवाखाली घातला. मान वाकवून तो एका टोकाला गेला, दुसऱ्या टोकाने बाहेर आला. एक तार हलली नाही. ते खिडकीतून बघताना मला रडू फुटलं. वर्षभर जे आलं नव्हतं ते सगळं आलं, मी चुलीपाशी खाली बसले. सगळे धावत आले. अक्काने मला जवळ घेतलं. मामंजींचेही डोळे भरले. म्हणाले, “रडू दे तिला. त्याची आठवण आली. हा त्यानेच निवडला होता ना.”

मी त्यांना सांगितलं नाही. ह्यांची आठवण मला तेव्हा आलीच नव्हती. त्या तापलेल्या सीटवर मी इतका वेळ बसून राहिले, ती एवढ्याचसाठी की तिघांतल्या कुणीतरी एकाने म्हणावं, अहो, तिच्या हाताने काय होतंय.