कॉम्प्युटरचं नवं नाव

टांझानियातल्या टांगा शहरात माझी म्वानाइशा वहिनी घरीच लग्नपत्रिका बनवते. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ती पत्रिका रचते, आणि माझा भाऊ शाबानी ओसरीवरच्या कॉम्प्युटरवरून तिचं फोल्डर उघडून त्या छापतो. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेल्यावर त्यांना मुलगी झाली, नसरा. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईचं जुनं नाव मागे पडतं. सगळी गल्ली वहिनीला ‘नसराची आई’ म्हणायला लागली. एकट्या भावाच्या तोंडी अजून म्वानाइशाच होतं.

बाळंतपणानंतर वहिनी कामाला बसली, आणि भावाला तिचं फोल्डर उघडेना. त्याने राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला.

“तुझं यंत्र मेलंय!” तो ओरडला.

“माझ्याला काही धाड भरलेली नाही. तुमचं बघा!”

शेवटी मी वहिनीच्या कॉम्प्युटरचं नाव तपासलं. तिथलं ‘म्वानाइशा’ जाऊन ‘नसराची आई’ आलं होतं. भावाचा कॉम्प्युटर मात्र जुन्याच नावाने हाका मारत बसला होता.

“वहिनी, हे कधी बदललंत?”

“दवाखान्यातून आले त्याच दिवशी.”

“परत जुनं ठेवू? मिनिटाचं काम आहे.”

“भाऊजी, हात तर लावून बघा!”

भाऊ ओसरीवर जाऊन बसला. आपल्या कॉम्प्युटरवर त्याने नवं नाव टाकलं, आणि फोल्डर उघडलं. मग आतल्या खोलीकडे वळून त्याने हाक मारली, “अगं नसराच्या आई, मिळालं गं!”

वहिनीने ओ दिली नाही. तिला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.