उजवीकडे वळणारे कण

सत्यवान कोकणात, कट्टा या आपल्या गावी आला तो पंधरा दिवसांसाठी. वडिलांच्या, भिकाजींच्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं. पुण्याला परतायच्या आधी, घरच्या रीतीप्रमाणे, भिकाजींनी ग्रामदेवतेला कौल लावून घेतला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या. उजवी सुटली तर होकार. डावी सुटली. जाऊ नकोस असं कोणी म्हणालं नाही. फक्त त्याच्या रिकाम्या बॅगेत काजूबिया भरल्या गेल्या. याला तीन वर्षं झाली.

तो संगणकावर चालती चित्रं करतो. माडीवर एक खोली, तिला एक खिडकी, खिडकीपुढे शेजाऱ्याची भिंत. तिथे बसून तो जाहिरातींसाठी साबणाचा फेस फुगवतो, सरबत ओततो. यंदा पुण्याच्या एका स्टुडिओने विज्ञान संग्रहालयाचं काम दिलं. दोन प्रोटॉन आदळतात, सोळा कण उडतात, चुंबकीय क्षेत्रात वळत जातात. वीस सेकंद. जमलं तर पुण्यात कायमची नोकरी.

कण कसे विखुरतील ते सॉफ्टवेअरमध्ये एका आकड्यावर ठरतं. आकडा बदलला की विखुरणं नवं. आकडा तोच ठेवला तर हजारदा चालवा, प्रत्येक कण त्याच वाटेने जातो. सत्यवान कधीकधी उगाच तेच ते चालवून बघत बसायचा.

भिकाजी दुपारी मागे खुर्ची टाकून बसत.

“सगळे डावेच पडतत रे.”

“ह्यो कौल नाय, बाबा.”

“मग काय आसा?”

“प्रोटॉन.”

“खंयच्या देवळातलो?”

सत्यवान हसला आणि आकडा बदलला. मग पुन्हा बदलला. एकशे बाराव्या आकड्याला सोळातले तेरा कण उजवीकडे वळले. चित्र डोळ्यांना बरं वाटलं. त्याने ते पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या सल्लागार, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या दिव्या मॅडम, यांचा फोन आला.

“प्रकाश, वेग, सगळं सुंदर आहे. पण जवळजवळ सगळे उजवीकडेच कसे?”

“तसं चांगलं दिसत होतं, मॅडम.”

“धन भाराचे एका बाजूला वळतात, ऋण भाराचे दुसऱ्या. दोन प्रोटॉनांतून एवढा धन भार येईल कुठून? तुम्ही आकडे निवडत बसलात का?”

सत्यवानने पडद्यावरचा आकडा पुसला.

“निवडू नका. भार जुळवा, मग जसे पडतील तसे पडू द्या.”

त्याने भार जुळवले, नऊ धन, सात ऋण, आणि मनात आला तो पहिला आकडा घातला. नऊ उजवीकडे गेले, सात डावीकडे. डाव्या रेषा निळ्या, लांब, स्वतःभोवती गुंडाळत जाणाऱ्या. मागे भिकाजींची खुर्ची करकरली.

चार दिवसांनी मेल आला. काम पसंत. एक तारखेपासून पुण्यात रुजू व्हा, आज संध्याकाळपर्यंत कळवा.

तो खाली गेला. भिकाजी पडवीत बिया निवडत होते. त्याने सांगितलं आणि वाट बघत उभा राहिला. आता देवळाचं नाव निघेल, मग गुरव, मग पाकळ्या.

“ह्या टायमाक मी इचारूचंय नाय,” भिकाजी मान वर न करता म्हणाले. “तुझा तू बघ.”

“देवाक नाय इचारूचा?”

“तीन वर्सां तू थयसर माडयेर मागे माझ्याकडे बघून कामा करतंस. माका दिसता. जा.”

सत्यवान माडीवर आला. त्याला कोणी अडवलेलं नव्हतं. ही गोष्ट खोलीत त्याच्यासमोर बसली होती. तीन वर्षं तो एका पाकळीवर रागावला होता. तो राग कुठे ठेवायचा?

‘होय’ लिहिलं. खोडलं. भिंतीवरचं ऊन वर सरकत सरकत कौलांपर्यंत गेलं.

साडेपाचला त्याने एकच ओळ लिहिली: मी इथूनच काम केलं तर चालेल का?

आणि कोणालाही न विचारता ती पाठवून दिली.