घुमीचे कान कुणी खाल्ले

माझी नणंद आठवडाभर बाटल्यांची झाकणं ठोकायची आणि सुट्टीच्या दिवशी एका तळघरात बँडमध्ये गिटार वाजवायची. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. हसून झालं की हळूच विचारतात, "पण त्यांना ऐकू येत नाही ना? मग वाजवतात कशा?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता विचारणाऱ्याकडे नुसती बघते. काय वाजवता, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

लहानपणी ती फार बोलायची नाही म्हणून सासूबाईंनी तिला घुमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती झाकणांच्या कारखान्यात नुकतीच लागली होती. लांबलचक शेड, पत्र्याचं छप्पर, प्रेसच्या रांगा. पत्रा आत सरकवायचा, दट्ट्या खाली येणार, झाकण बाहेर पडणार. दिवसभर तेच. आतला आवाज इतका की बायका हातांनी बोलायच्या. पाणी हवं तर ओठांवर अंगठा, साहेब येतोय तर मिशीवर बोट. सुरुवातीला त्या कानात कापसाचे बोळे घालायच्या. सुपरवायझरने ते काढायला लावले. "मी हाक मारली तर ऐकू यायला नको?" म्हणाला.

काही वर्षांनी घरात तिला हाक मारली की ओ येईनाशी झाली. माझ्या नवऱ्याला वाटलं, बहीण रुसली. त्याने समजूत काढायला नवी चप्पल आणली. तिने ती घातली, छान आहे म्हणाली आणि पाठ वळताच परत ओ नाही. मग डॉक्टर झाले, तपासणी झाली आणि कानामागे मशीन आलं.

त्या मशीनच्या बॅटऱ्या आणायला ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जायची. तिथला कंपाउंडर हा उंच, वाकलेला, हळू बोलणारा माणूस. एकदा गर्दी होती. वाट बघताना घुमीची बोटं काउंटरच्या काचेवर चालू होती. कंपाउंडर गोळ्या मोजता मोजता थांबला.

"हे काय वाजवताय?"

"काही नाही. आमच्या तीन मशीनी. एक जरा मागे राहते, एक पुढे पळते. मधूनच तिघी एकत्र पडतात."

कंपाउंडर एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँडचं नाव होतं 'शेजाऱ्यांची तक्रार'. गाद्यांच्या दुकानाखालच्या तळघरात त्यांचा सराव चालायचा. भिंतींना जुन्या गाद्या टेकवून ठेवल्या होत्या, तरी तक्रारी येतच. त्यांच्या वाजवण्याला गाणं म्हणायला माझी जीभ रेटत नसे. कुणी रेडिओ खरवडल्यासारखं करायचं, कुणी शिडी करवतीने घासायचं. कधी गाडी धुण्याच्या केंद्रात, कधी रिकाम्या गाळ्यात त्यांचे कार्यक्रम व्हायचे. ऐकायला तीच तीच पन्नास माणसं. त्यातली निम्मी दुसऱ्या बँडमधली, म्हणजे आज मी तुझं ऐकतो, उद्या तू माझं ऐक असा मामला. पण ते एकमेकांना मनापासून ऐकायचे, एवढं खरं.

कंपाउंडरने बोलावलं म्हणून घुमी तिथे गेली आणि तिने जाड तारांची गिटार हातात घेतली. तारा इतक्या सैल केल्या की सूर कानापेक्षा हाडांना जास्त लागावा. ती चपला काढून स्पीकरच्या खोक्यावर बसायची आणि वाजवायची. त्या तीन मशीनींवरून तिने एक लांबलचक रचना केली आणि तिला 'तिसरी पाळी' नाव दिलं. मी एकदाच गेले ऐकायला. पहिल्यांदा डोकं दुखलं. मग एका जागी तिन्ही ठोके एकदम पडले आणि माझ्या छातीत काहीतरी सरकलं. मला संगीतातलं कळत नाही, पण इतकी वर्षं ही बाई कुठे जात होती ते त्या दिवशी कळलं. घरी येताना ती एकटीच काहीबाही बोलत होती. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बँडमधला गाणारा शब्दही लिहायचा, म्हणून त्याला कवी म्हणायचे. गोड बोलणारा. कुठल्याशा मासिकाने बँडवर लेख छापला, त्यात याचंच बोलणं जास्त. लेखात लिहिलं होतं की आमच्या घुमीने सर्वांत मोठ्या आवाजाचा ध्यास घेतला आणि आपले कान संगीताला अर्पण केले. सोबत खोक्यावर बसलेल्या तिचा फोटो. तिने वाचून मासिक बाजूला ठेवलं. "काहीही लिहितात," म्हणाली.

तेव्हाच तिने कामगार कार्यालयात तक्रार केली होती की कान कारखान्याने घेतले, तर उपचार आणि भरपाई द्या. सुनावणीला मी सोबत गेले, कारण घोळक्यात तिला समजत नाही, समोर बसून कुणीतरी ओठ नीट हलवून सांगावं लागतं. कंपनीच्या वकिलाने पिशवीतून तेच मासिक काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं.

"अर्पण केले," तो परत म्हणाला. "स्वखुशीने, मॅडम. आमचा काय संबंध?"

ते वाक्य मला तिच्याकडे तोंड करून पुन्हा बोलावं लागलं. त्याच्यासारखं नुसतं वाचून मोकळं होता आलं नाही मला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानांपर्यंत लाल झाला. अधिकारी बाई म्हणाल्या, "बँडमधल्या कुणाला तरी आणा. कान आधी गेले की बँड आधी, ते सांगू दे."

आम्ही तशाच तळघरात गेलो. कवी माइकपाशी उभा होता. घुमीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू येऊन खरं काय ते सांग."

कवीने कानावर हात ठेवले. "मी तसं म्हणालोच नव्हतो, लेख लिहिणाऱ्या त्या मुलीने रंगवलं." मग आवाज मऊ केला. "आणि बघ, त्या एका वाक्याने आपण कुठे पोचलो. मोठ्या मंचाचं आमंत्रण आलंय. आता मीच ते खोटं होतं म्हणालो, तर आपल्याला कोण उभं करेल? तुलाही ते शोभतं. कारखान्यात कान गेले, यात काय आहे? तसे सगळ्यांचेच जातात."

मला वाटलं, आता ही रडणार. ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. त्याच्या दोन्ही कानांत रबराची छोटी बुचं होती. सरावाला तो नेहमीच घालायचा म्हणे, गाणाऱ्याला कान जपावे लागतात.

"तुझे कान कुठे अर्पण केलेस?" तिने विचारलं.

तो काहीतरी बोलायला लागला. तिने त्याच्या माइकची वायर उपटली, खोक्यावर बसली आणि वाजवायला लागली. राग बोटांत उतरणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. भिंतीची एक गादी घसरून खाली आली. कवीचे ओठ हलत होते, शब्द आम्हा कुणालाच ऐकू येत नव्हते. शेवटी तो जिना चढून गेला, त्याच्यामागे शिडीवाला गेला. कंपाउंडर मात्र ड्रमवर बसून राहिला. ती थांबल्यावर त्याने विचारलं, "सुनावणी कधी आहे? दुकानातून सुट्टी मागावी लागेल."

पुढच्या सुनावणीला तो धुतलेला शर्ट घालून आला. वकिलाने विचारलं, "तुमच्या बँडचा आवाज मोठा असतो की नाही?"

"असतो. चांगलाच मोठा असतो," कंपाउंडर म्हणाला. "पण ती आली तेव्हा कानामागे मशीन होतं. मीच बॅटऱ्या विकायचो तिला. त्यावरूनच ओळख झाली."

घुमीच्या रांगेतली सगळ्यांत जुनी बाईही आली होती. तिने कापसाच्या बोळ्यांचं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, तो शिस्तीचा भाग होता. अधिकारी बाईंनी त्या जुन्या बाईला पाठमोरं बसवलं आणि मागून हळूच विचारलं, "तुमचं जेवण झालं का?" ती जागची हलली नाही. वकील चष्मा पुसत बसला.

निकाल घुमीच्या बाजूने लागला. कंपनीने पैसे दिले, आणि लगेच तिला प्रेसवरून काढून खोकी चिकटवायच्या खात्यात टाकलं, एकटीला, कोपऱ्यात. बक्षीस म्हणा हवं तर. पण तिच्या रांगेतल्या बायका एकेक करून त्याच कार्यालयात जायला लागल्या आणि कारखान्याला कानांवर घालायची कवचं आणावी लागली. सुपरवायझर आता ती घाला म्हणून ओरडत फिरतो. कुणालाच ऐकू जात नाही.

कवी बँडचं नाव घेऊन गेला. मोठ्या मंचावर त्याने 'तिसरी पाळी' वाजवली, तळघरात ध्वनिमुद्रित केलेली, तिच्याच हातची. आणि आधी डोळे मिटून लोकांना कानांची तीच गोष्ट ऐकवली. टाळ्या पडल्या म्हणतात. कंपाउंडरने सांगितलं तेव्हा घुमीने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलली नाही. माझ्या नवऱ्याने पुन्हा चप्पल आणायचा विषय काढला, मी त्याला गप्प केलं.

ती आणि कंपाउंडर अजून वाजवतात. हल्ली ती जुनी बाईही येते, पत्र्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसते. मागच्या महिन्यात एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानात कार्यक्रम होता. संपल्यावर एक पोरगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे भरलेले. "तुम्हीच ना त्या, ज्यांनी कान संगीताला दिले?"

"मी कुणाला काही दिलं नाही," घुमी म्हणाली. "घेतले माझे. तुझ्या हातात बाटली आहे ना, तिच्या झाकणासाठी घेतले."

पोरीने बाटलीकडे पाहिलं. काय करावं तिला कळेना, म्हणून तिने झाकण घट्ट लावलं. घुमी तोवर खाली वाकून वायरी गुंडाळायला लागली होती.