बिनआवाजाचं ‘अगं’

“टोटल लॅरिंजेक्टमी,” कन्सल्टंट डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं, गळ्याला भोक पाडायचं आणि जन्मभर त्यातूनच श्वास घ्यायचा. आवाज बसला म्हणून मी घरी हळद-दूध पीत होतो, आणि हा माणूस शांतपणे सांगतोय की कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं नाही तर वाचणार नाही.

मी सरळ नाही म्हटलं. मी नागपूरचा, वर्क परमिटवर बर्मिंगहॅमला आलेला बडबड्या माणूस. मुकं होऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं बायकोसमोरच बोलून गेलो. घरी येईपर्यंत ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

इथे ऑपरेशनआधी, ते झालेल्या एखाद्या पेशंटशी गाठ घालून देतात. नर्सने आम्हाला प्रोफेसर शेन यांना भेटवलं. सत्तरीचे, गळ्याला रुमाल, हातात छोटा पांढरा बोर्ड. ते त्यावर इंग्रजीत लिहायचे, मी मराठीत सांगतो.

चीनमध्ये ते जुनं गद्य शिकवायचे. तरुणपणी तिथल्या सरकारने शिकलेल्या पोरांना खेड्यात पाठवलं, तेव्हा त्यांनाही शेतावर डुकरं राखायला धाडलं होतं. पुस्तकं नाहीत, म्हणून पाठ असलेले निबंध ते डुकरांनाच मोठ्याने म्हणून दाखवत. पुढे स्वतः निबंध लिहिले, कोबीवर, छत्रीवर, शिंकेवर. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघायचं, कानाला पटलं तरच ठेवायचं. बायको गेल्यावर ते इथे मुलीकडे आले. मग हे दुखणं, आणि लिहिणं बंद.

“गळ्याला लावायचं मशीन असतं ना?” मी विचारलं.

“मशीन एकाच सुरात बोलतं. आमच्या भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो. मी मुलीशी काय बोलतो, ते तिलाच कळत नाही.”

मी म्हटलं, बघा, म्हणूनच मला नको. मी बायकोला नावाने हाक मारत नाही, ‘अगं’ म्हणतो. चहा हवा तर ‘अगं’, भांडताना ‘अगं’, लाडात आलो तरी ‘अगं’. सगळं त्या सुरातच असतं हो!

प्रोफेसर हसले. हसण्याचा आवाज नाही, नुसते खांदे हलले. त्यांनी माझा तळहात ओढला, त्यावर बोटाने एक चिनी अक्षर गिरवलं आणि बोर्डावर लिहिलं, “‘आय’, म्हणजे आमचं ‘अगं’. मीही बायकोला असंच बोलवायचो. नाव कधी घेतलं नाही. ती गेल्यावर माझा आवाज शाबूत होता. कोणाला हाक मारू? तुझी बायको आहे. आवाज जाऊ दे आणि तिच्याजवळ राहा.”

बायको तिथेच रडायला लागली. मी फॉर्मवर सही केली.

खोटं सांगत नाही, पुढचं वर्ष भयंकर गेलं. नाकात नळी, भोकातून उडणारा कफ, रेडिएशनने सोललेली मान. बोलण्यासाठी बसवलेला व्हॉल्व्ह माझ्या घशाला मानवला नाही. मशीनवरचं माझं ‘अगं’ ऐकून बायको दचकायची. “अहो, चिडलात का?” विचारायची, आणि मी खरंच चिडायचो.

प्रोफेसरांचा कॅन्सर फुफ्फुसात परत आला. मी वॉर्डमध्ये गेलो तेव्हा बोर्ड धरायची ताकद नव्हती. त्यांनी माझ्या तळहातावर बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा तेच अक्षर. मी त्यांच्या मुलीकडे पाहिलं.

ती म्हणाली, “आईला हाक मारतायत.”

दोन दिवसांनी ते गेले. एवढा मोठा लेखक, आणि शेवटी तेवढं एकच अक्षर. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबराल, घाबरा. फक्त नाही म्हणण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघा.

प्रोफेसरांच्या फ्युनरलहून आल्यावर मी मशीन टेबलावर ठेवलं. बायको सोफ्यावर शेजारीच होती. तिचा हात घेतला आणि तळव्यावर ‘अगं’ लिहिलं, सावकाश.

तिने विचारलं नाही, चहा की भांडण. इतकी जवळ बसलेली असूनही म्हणाली, “आले हं.”